शब्दचर्चा: बुद्धिबळाच्या 'डेटाबेस'ला काय म्हणावं?

घोडेस्वार:
मुलांना शिकवायला मराठीत टिपण लिहितोय. 'गेम डेटाबेस शेअर करा' इथे गाडी अडली. 'डाव वाटा' लिहिलं तर पत्ते पिसून बसल्यासारखं वाटतं. दुसरं काही सुचतंय का?

कट्टेकरी:
'वाटणे' सोडाच. एकाला द्यायची तर फाइल 'पाठवा', सगळ्यांसाठी ठेवायची तर 'खुली करा'. लिचेस ही बुद्धिबळाची फुकट वेबसाइट दर महिन्याचे रेटेड, म्हणजे गुणांकनासाठी खेळलेले, डाव असेच खुले करते, सीसी झिरो परवान्याखाली. म्हणजे घेणाऱ्यावर श्रेय द्यायचंही बंधन नाही. डाउनलोडला 'उतरवून घेणे' झकास. पेपरातल्या सदरातले डाव आम्ही वहीत उतरवून घ्यायचो, तेच क्रियापद.
साठ्याला माझं मत 'डावसंग्रह'. 'विदागार' ऐकून पोरं पळतील.

घोडेस्वार:
'संग्रह' म्हटलं की कविता आठवतात हो. 'बाड' कसं वाटतं?

प्यादं पुढे:
बाडापेक्षा 'रुमाल' घ्या. पेशवे दफ्तरातले कागद फडक्यात बांधून ठेवलेत, त्या गठ्ठ्याला रुमालच म्हणतात. डाव लिहून ठेवायची पीजीएन फाइल अगदी तशी: साधा मजकूर, एका डावाखाली दुसरा, हवे तेवढे बांधा. स्टीव्हन एडवर्ड्स यांनी १९९३ मध्ये हा साचा ठरवला. प्रत्येक डावाच्या डोक्यावर चौकटी कंसातल्या सात ओळी: स्पर्धा, ठिकाण, तारीख, फेरी, पांढरा, काळा, निकाल. तारीख ठाऊक नसेल तर आकड्यांच्या जागी प्रश्नचिन्हं. मोहऱ्यांची अक्षरं मात्र इंग्रजीच लागतात. हौसेनं घोड्याला 'घो' लिहिलं, तर डाव उघडेचना. दोन तास गेले माझे त्यात.
पण रुमाल म्हणजे डेटाबेस नव्हे. पटावर एखादी स्थिती मांडून 'ही कुठल्या कुठल्या डावांत आली होती?' असं ज्याला विचारता येतं, तो डेटाबेस. त्याला 'दफ्तर' म्हणू या.

कट्टेकरी:
दफ्तर म्हटलं की पोरं पाठीला लावतील! शिवाय दफ्तरात नोंदी एकसारख्या हव्यात. नाशिकच्या ग्रँडमास्टर विदितचे डाव शोधून बघा. कुठे 'गुजराथी, विदित', तर कुठे 'विदित, संतोष गुजराथी'. आपण एक नाव टाकून शोधतो आणि निम्मे डाव दुसऱ्या नावाखाली पडलेले असतात.

घोडेस्वार:
रुमाल घेतला, दफ्तराचं बघतो. आता लिचेसच्या 'स्टडी'चं, म्हणजे डाव मांडून त्यावर टिपणं लिहायच्या सोयीचं काय? बुद्धिबळात स्टडी म्हणजे मुद्दाम रचलेली डावाच्या अखेरची स्थितीसुद्धा. मुलांचा घोळ होतो.

प्यादं पुढे:
त्या रचलेल्या स्थितीला 'रचना' म्हणा आणि लिचेसवरच्या स्टडीला 'अभ्यासवही'. एका वहीत ६४ प्रकरणं मावतात, पटाच्या घरांइतकीच. भरली की दुसरी वही काढायची. आणि वही म्हटली की दफ्तर आलंच, तेव्हा कट्टेकरींनी आता तक्रार करू नये.