मदत हवी आहे: काळू काळा राहिला नाही, नाव बदलू का?

नमस्कार मंडळी, प्रश्न फालतू वाटेल पण घरात रोज वाद चाललेत म्हणून विचारतेय. चाळीस दिवसांचं कुत्र्याचं पिल्लू आणलं तेव्हा कोळशासारखं काळं होतं, अंधारात बसलं की फक्त डोळे दिसायचे, पोरांनी दोन मिनिटांत काळू करून टाकलं. आता ६ महिन्यांचा आहे. चौथ्या महिन्यात केस गळायला लागले, मला वाटलं खरूज-बिरूज झाली, तर डॉक्टर म्हणाले पिल्लाची लव जाऊन मोठे केस येतायत, होऊ दे. आणि आले ते चक्क तांबूस! कानामागे फुंकर मारली की मुळाशी गुळासारखा रंग, काळं फक्त टोक. तोंड तेवढं काळं उरलंय. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. फिरायला नेलं की लोक नाव विचारतात आणि मग कुत्र्याकडे नाही, माझ्याकडे बघतात.

नंतर वाचलं की डाल्मेशियन या ठिपकेवाल्या जातीची पिल्लंसुद्धा जन्मतः पांढरीफटक असतात, ठिपके साधारण २ आठवड्यांनी उमटायला लागतात. म्हणजे घाई आम्हीच केली.

आता लेक म्हणते तांबू, नवरा म्हणतो भुऱ्या, सासूबाईंना वाघ्या हवंय, पण अहो त्याला अंगावर पट्टे तरी पाहिजेत ना, याच्या अंगावर एक नाही! 🙄

मी हसण्यावारी नेलं असतं, पण परवा जिन्यात 'काळूऽऽ' अशी हाक मारली आणि खालच्या मजल्यावरचा मुलगा तोंड पाडून मागे वळला. त्याला मित्र याच नावाने चिडवतात हे मला नंतर कळलं. तेव्हापासून ती हाक माझ्या तोंडातून निघतच नाही.

तर कोणी सहा महिन्यांच्या कुत्र्याचं नाव बदललंय का? किती दिवस लागले? आणि रंग अजून बदलतो का, नाहीतर परत रंगावरून ठेवायचं आणि वर्षाने परत हीच पोस्ट टाकायची. माझं मत सोन्या, तो रंगाचाही होतो आणि लाडाचाही.

अपडेट: सध्या खाऊ दाखवत 'काळू-सोन्या' असं जोडून बोलावतेय, पुढे काळू गाळायचं असा बेत आहे. येतो धावत, पण 'काळू' म्हणून होईपर्यंतच पोचलेला असतो, सोन्या ऐकायला थांबतो कोण.