चेन्नईत वादळाचा इशारा, ताईच्या घरासाठी मदत हवी आहे

मंडळी, चेन्नईत कोण आहे का? ताई-दाजी सैदापेटला अड्यार नदीजवळ तळमजल्यावर राहतात आणि बंगालच्या उपसागरात परत वादळ तयार होतंय म्हणे. आपल्या कोल्हापुरात कसं, राजाराम बंधाऱ्यावर नदीचं पाणी ३९ फूट झालं की इशारा, ४३ ला धोका, तोवर सामान, जनावरं हलवायला वेळ मिळतो. तिकडं चेंबरंबाक्कम तलाव २४ फूट खोलीचा, भरत आला की पाणी अड्यारमध्येच सोडतात, डिसेंबर २०१५ ला नदीकाठची घरंच्या घरं पाण्यात गेलेली. तर पाणी सोडायच्या किती आधी कळतं, आणि खात्रीचा आकडा कुठं बघायचा? ताईच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, जिन्यावरून खुर्चीसकट उचलूनच न्यावं लागतं, ते पण अंधारात कसं जमणार. आत्ताच वरच्या मजल्यावर हलवू का? प्लीज लवकर सांगा.