मंडळी बदलली, तुम्ही राहिलात की निघालात? खानदेशातले अनुभव

प्रभूची स्तुती! आपल्या नंदुरबार-धुळे-जळगावकडे मंडळी, म्हणजे आपलं चर्च, सोडली की सोयरीक, मर्तिक, आजोबांची कबर, सगळ्याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. कुठे बाप्तिस्म्यावरून (पाण्याने दीक्षा देण्याच्या विधीवरून) खटके उडतात, कुठे उपासनेच्या पद्धतीवरून. माझं निरीक्षण असं, की माणसं भांडतात शिकवणीवरून, पण थांबतात किंवा जातात नात्यांवरून. पटत नसेल तर खुशाल खोडून काढा. फक्त पाळकांची (पाद्र्यांची) नावं लिहू नका. आलेली उत्तरं गावाच्या नावाखाली दिली आहेत.

भुसावळ
आजोबा रेल्वेत, पक्के अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झाली आणि आजोबा घरबसल्या सीएनआयचे सभासद झाले. तिथे बाळाचा बाप्तिस्मा चालतो, जाणत्या वयातलाही चालतो. हे दोन्ही एकत्र चालणं त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. तरी रविवार चुकवला नाही, कारण बिशप (धर्माध्यक्ष) कायम राहिले होते. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट पंथाचे लोक ऐन वेळी या एकीतून मागे सरले. शेजारचे काका त्यातले. दोघांचा वाद व्हरांड्यात रंगायचा आणि शेवभाजी झाली की मिटायचा.

टेक्सास, मूळ जळगाव
इथे तर राहायचं की जायचं यावर अख्ख्या मंडळीनेच मतदान केलं. युनायटेड मेथडिस्ट चर्चमध्ये समलिंगी विवाह आणि समलिंगी पाळक यावरून वाद टोकाला गेला. २०२३ अखेरपर्यंत मालमत्तेसह बाहेर पडायची सोय होती; त्यासाठी दोन-तृतीयांश मतं लागायची. अमेरिकेत साडेसात हजारांवर मंडळ्या गेल्या. आमच्याकडे जायचा ठराव पडला. मी 'राहू' म्हणून मत दिलं, नवऱ्याने 'जाऊ' म्हणून, आणि एकाच गाडीतून घरी आलो. आईला फोनवर सगळं सांगितलं तर तिचा एकच प्रश्न: "मग इमारत कोणाची गं?"

नवापूर
आईंनी बरोबर विचारलं! माझी बहीण गुजरातेत व्याऱ्याला दिली आहे. तिकडचे ब्रदरन पंथाचे लोक १९७० च्या एकीत गेले होते. पुढे काहीजण वेगळे झाले आणि मालमत्तेचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१३ चा निकाल सीएनआयच्या विरोधात लागला. दाजींच्या घरात एक भाऊ इकडे, एक तिकडे. लग्नाला दोन्हीकडचे पाळक येतात. आशीर्वाद कोणी द्यायचा ते आदल्या रात्री ठरतं.

धडगाव
आमच्याकडे बदल चांगला झाला. पूर्वी गीतं, प्रार्थना, वचन सगळं मराठीत असायचं, आता आमच्या पावरी बोलीत असतं. पहिल्यांदाच आजी उपदेश चालू असताना मध्येच "हां, हां" म्हणायला लागली. शहाद्याला शिकून आलेल्या काही घरांना ते कमीपणाचं वाटलं, ती मराठी उपासनेकडे गेली. मला राग नाही. पण त्यांच्या पोरांना आजीशी दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, हेही खरं.

धुळे
मी निघालो. लहानपणचा बाप्तिस्मा खरा नव्हे असं पटलं, फेलोशिपमध्ये, म्हणजे एका नव्या मंडळीत, जाऊन पाण्यात बुडून घेतला. वडील भांडले नाहीत, एवढंच म्हणाले, "मरशी तवय तुले कोठे गाडतीन?" मी हसण्यावारी नेलं. गेल्या वर्षी फेलोशिपमधले एक काका वारले. आमची स्वतःची दफनभूमी नाही, म्हणून जुन्या मंडळीच्या पंचांपुढे हात जोडावे लागले. जागा मिळाली, पण आमच्या पाळकांना कबरीपाशी प्रार्थना करू दिली नाही. मी अजूनही माझ्या बाप्तिस्म्यावर ठाम आहे. बायको मात्र परत जाऊ म्हणतेय, मुलीचं लग्नाचं वय झालंय. कोणी असं परतलं असेल तर सांगा, अटी काय घालतात? आमचे पंच म्हणतात, आधी थकलेली वर्गणी भरा, मग बाप्तिस्म्याचं बोलू.