मदत हवी आहे: शाळेचा जुना लॅपटॉप (फक्त व्हीजीए) नव्या टीव्हीला जोडायचा आहे

नमस्कार,

मी पाटण तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, पट २३. गावाने लोकवर्गणी काढून शाळेला ४३ इंची टीव्ही घेऊन दिलाय. मुंबईत माथाडी कामाला असलेल्या गावकऱ्यांनीही त्यात पैसे घातलेत. टीव्ही भिंतीवर बसवून तीन आठवडे झाले, पण मुलांना अजून त्यावर काहीही दाखवता आलेलं नाही.

शाळेत मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे ऑनलाइन काही चालत नाही. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ मी घरून उतरवून आणल्या आहेत. शब्दवाचनाच्या आणि पाढ्यांच्या काही पीपीटी स्वतः केल्यात. हे सगळं लॅपटॉपवर आहे. लॅपटॉप जुना आहे, पण चांगला चालतो, विंडोज १० आहे. त्याला निळं, १५ भोकांचं व्हीजीए पोर्ट (मॉनिटर जोडायचं जुन्या पद्धतीचं) आहे, तीन यूएसबी आहेत आणि हेडफोनचं भोक आहे. एचडीएमआय (हल्लीच्या टीव्हीला असतं ते पोर्ट) नाही. टीव्हीला मागे दोन एचडीएमआय, दोन यूएसबी आणि लाल-पांढरं-पिवळं एव्ही आहे. व्हीजीए नाही.

आधी दोन्हीकडे यूएसबी पिन असलेली वायर लावून पाहिली. टीव्हीने काहीच दाखवलं नाही. मग दुकानातून कन्व्हर्टर आणला. दुकानदाराला 'एक बाजू व्हीजीए, एक बाजू एचडीएमआय' असं सांगितलं होतं, त्याने तसाच दिला. सगळं नीट बसतंय, पण टीव्हीवर 'नो सिग्नल'. वायर बदलली, दुसऱ्या एचडीएमआयला लावली, लॅपटॉप बंद-चालू केला, तरी तेच.

लॅपटॉपच निकामी आहे का? नवा घ्यायला गावाकडे पुन्हा पैसे मागणं मला जमणार नाही. कृपया नीट समजावून सांगा.

—

घाटवाट:
ताई, पहिली गोष्ट, ती दोन्हीकडे पिन असलेली यूएसबी वायर पुन्हा लावू नका. लॅपटॉप आणि टीव्ही दोघेही आपापल्या यूएसबीतून ५ व्होल्ट बाहेर देतात. ते एकमेकांवर आले तर पोर्ट जळू शकतं. टीव्हीचं यूएसबी पेनड्राइव्हसाठी असतं, लॅपटॉपचं चित्र त्यातून आत जात नाही.

आता कन्व्हर्टर हातात घेऊन बघा. एचडीएमआयच्या बाजूला बाहेर आलेली पिन आहे की खाच?

—

धागाकर्ती:
एचडीएमआयच्या बाजूला पिन आहे, ती थेट टीव्हीत बसते. व्हीजीएच्या बाजूला भोकं आहेत, त्यात निळी वायर लावून तिचं दुसरं टोक लॅपटॉपला दिलंय.

—

निळी शाई:
मग लॅपटॉप अगदी ठीक आहे. कन्व्हर्टर उलटा आलाय.

हे कन्व्हर्टर एकाच दिशेने चालतात. व्हीजीएतून चित्र ॲनालॉग येतं, एचडीएमआयमधून डिजिटल. आतली चिप एकाचं दुसरं करते, उलटं तिला करता येत नाही. तुमच्याकडचा आहे 'एचडीएमआय टू व्हीजीए', म्हणजे नव्या लॅपटॉपला जुना मॉनिटर किंवा प्रोजेक्टर जोडायचा. दोन्ही टोकं तुमच्या भोकांत बसतात म्हणून बरोबर वाटतो, आणि इथेच पुष्कळ जण फसतात. दुकानात मागताना आधी जिथून चित्र निघतं त्याचं नाव घ्या, मग जिथे जातं त्याचं. तुम्हाला हवा 'व्हीजीए टू एचडीएमआय'.

तो दिसायला असा असतो: व्हीजीएच्या बाजूला पिना (थेट लॅपटॉपला लागतो, निळ्या वायरची गरजच नाही), दुसऱ्या बाजूला एचडीएमआयची खाच, आणि त्याला आणखी दोन बारीक वायरी. एक यूएसबीची, चिपला वीज द्यायला. दुसरी हेडफोनच्या पिनेची, आवाजासाठी. व्हीजीएतून फक्त चित्र जातं, आवाज जात नाही. म्हणून आवाजाची वायर नसलेला कन्व्हर्टर घेऊ नका. दुकानदार बहुधा बदलून देईल, खोका आणि बिल घेऊन जा.

कन्व्हर्टर लॅपटॉपजवळ राहू द्या आणि तिथून टीव्हीपर्यंत एचडीएमआय वायर न्या. ५ मीटरपर्यंत साध्या वायरीने काही अडत नाही.

—

पारंबी:
वायरीच्या भानगडीत कशाला पडता? विंडोज + के दाबून वायरलेस जोडा की. माझ्या घरी तसंच चालतं.

—

निळी शाई:
@पारंबी, मिराकास्टला (तुम्ही म्हणता त्या वायरलेस जोडणीला) इंटरनेट लागत नाही हे खरं, पण टीव्ही आणि लॅपटॉपचं वायफाय कार्ड दोघांनीही ते पेललं पाहिजे. एवढ्या जुन्या लॅपटॉपवर त्याचा भरवसा नाही. आणि वर्गात २३ मुलं समोर बसलेली असताना जोडणी तुटली तर तास गेलाच. शाळेसाठी वायरच बरी.

—

खटका:
मी वायरमन आहे, एवढंच सांगतो. सगळ्या वायरी आधी जोडा, मगच टीव्ही आणि लॅपटॉपची बटणं चालू करा. शाळेतल्या तीन पिनच्या सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का ते एकदा तपासून घ्या. नसेल तर लॅपटॉपच्या किंवा टीव्हीच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, आणि चालू स्थितीत पिन खुपसली तर पोर्टही जातं. पोरं हात लावणारच, तेव्हा हे टाळू नका.

—

धागाकर्ती:
खूप खूप आभार! शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर कराडला जाऊन कन्व्हर्टर बदलून आणला. दुकानदाराने कुरकुर न करता दिला, वरचे थोडे पैसे घेतले. अर्थिंग पाहायला वायरमन बोलावला होता. मुख्य बोर्डापाशीच वायर सुटलेली निघाली, ती त्याने जोडली.

आज चित्र आलं! मुलं जागेवरून उठून टीव्हीपाशी आली होती.

तीन गोष्टी राहिल्यात. आवाज अजून लॅपटॉपमधूनच येतोय. अक्षरं थोडी पुसट दिसतात. आणि पडद्याच्या चारही कडा कापल्या जातात, त्यामुळे वरच्या ओळीतल्या वेलांट्या आणि अनुस्वार दिसतच नाहीत. पहिलीच्या मुलांना 'की' आणि 'का' सारखंच दिसलं तर शिकवायचं काय?

—

निळी शाई:
आवाज: हेडफोनची पिन पूर्ण आत गेलेली नसणार. 'टक' होईपर्यंत दाबा. मग लॅपटॉपचे स्पीकर गप्प होतात आणि आवाज टीव्हीकडे जातो. लॅपटॉपचा आवाज ८० च्या आसपास ठेवून बाकी कमी-जास्त रिमोटने करा.

पुसट अक्षरं: विंडोज + पी दाबा. आत्ता 'डुप्लिकेट' असेल. त्यात लॅपटॉपचा लहान पडदा आणि टीव्ही दोघांना झेपेल तेवढंच रिझोल्यूशन (चित्रातल्या ठिपक्यांची संख्या) मिळतं. 'सेकंड स्क्रीन ओन्ली' घ्या आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये १९२० × १०८० निवडा. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमधलं शार्पनेसही खाली आणा. ते जास्त असलं की अक्षरांभोवती पांढरी कड येते.

कडा कापणं: याला ओव्हरस्कॅन म्हणतात. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्राच्या कडा मुद्दाम चौकटीआड लपवत, ती सवय नव्या टीव्हींतही राहिली. पिक्चर किंवा स्क्रीन सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट', 'फुल पिक्सेल' किंवा '१:१' असं काहीतरी असेल. प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते. ते चालू करा.

—

घाटवाट:
अजून एक. ज्या दिवशी लॅपटॉप नसेल त्या दिवसासाठी पीपीटीचा व्हिडिओ करून ठेवा. पॉवरपॉइंट २०१३ पासून पुढे एमपी४ थेट करता येतो. पेनड्राइव्हवर टाकून टीव्हीच्या यूएसबीला लावला की चालतो. आणि पीपीटीत अक्षर ४० पॉइंटच्या खाली नेऊ नका. ४३ इंची पडद्यावर ते वेलांटी-उकारासकट साधारण ४ सेंटीमीटर भरतं, मागच्या रांगेतल्या मुलाला डोळे ताणावे लागत नाहीत.

—

धागाकर्ती:
'स्क्रीन फिट' सापडलं, चारही कडा आल्या. आवाजाची पिन खरंच अर्धवट होती. ४० पॉइंटचं आज करून पाहिलं, पहिलीतली सगळ्यात मागे बसणारी मुलगी भिंतीला टेकून 'किती' वाचत होती. उद्या दुसरीच्या सगळ्या पीपीटी मोठ्या अक्षरात करायला घेते. शेजारच्या वाडीतल्या शाळेतही असाच टीव्ही बंद पडून आहे, तिथल्या सरांना या धाग्याची छापील प्रत देणार आहे.