फ्लॅगशिप घेतला आणि पोपट झाला : तुमचे अनुभव

फ्लॅगशिप, म्हणजे कंपनीचा सगळ्यात वरचा, महागडा फोन. त्याची सुरुवात लीकपासून, म्हणजे लाँचआधी फुटलेल्या माहितीपासून होते. आधी मागच्या बाजूचा एक पुसट फोटो येतो, मग कॅमेऱ्यातल्या सेन्सरचा (उजेड टिपणाऱ्या चिपचा) आकार फुटतो, मग रंग. लाँचच्या दिवशी आपण हातातलं काम टाकून ते सादरीकरण बघतो. टाळ्या वाजवणारी माणसं त्यांचीच असतात, तरी आपल्यालाही भरून येतं. फोन हातात पडतो, नवलाईचे दिवस सरतात आणि मग अगदी साध्या कामाला तो आडवा येतो.

माझ्याकडे ते साधं काम म्हणजे कागदाचा फोटो. जवळजवळ एक इंची सेन्सरवाला फोन घेतला. रात्रीचे फोटो अप्रतिम येतात, त्यात वादच नाही. पण औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला फोन जवळ नेला की पडद्यावरचं चित्र टुणकन बाजूला सरकतं आणि अक्षरं पिठूळ दिसायला लागतात. खोदून पाहिल्यावर कळलं, एवढ्या मोठ्या सेन्सरच्या मुख्य लेन्सला फार जवळच्या वस्तूवर फोकस करताच येत नाही. म्हणून फोन न विचारता अल्ट्रावाइड (जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या) कॅमेऱ्यावर जातो आणि त्यातला मधला तुकडा कापून दाखवतो. सेटिंगमधून ही अदलाबदल बंद केली तर दुसरंच दुखणं. पानाचा मधला भाग कोरीव आणि चारही कोपरे धूसर. मोठा सेन्सर आणि मोठं अपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) एकत्र आले की फोकसमध्ये राहणारा पट्टा अरुंद होतो. चेहऱ्यामागची पार्श्वभूमी कशी छान विरघळते म्हणून जाहिरातीत हाच गुण मिरवतात. पावती स्कॅन करताना तो बोकांडी बसतो. आता मी फोन लांब धरून दुप्पट झूमवर फोटो काढतो. आधीच्या मध्यम दर्जाच्या फोनवर असा विचार कधी करावा लागला नव्हता.

तर असे अनुभव लिहा. एकच विनंती, आपल्या फोनच्या कंपनीचं नाव घालू नका. नाव आलं की दोन्हीकडचे भक्त बाह्या सरसावून येतात आणि मूळ तक्रार बाजूला राहते. नुसतं 'बेकार फोन' लिहूनही थांबू नका. कशावर भरवसा ठेवला होता आणि निघालं काय, ते येऊ द्या.

*

माझा पोपट उन्हात झाला.

फोन घेताना पडद्याची उजेडक्षमता बघून भाळलो होतो. कित्येक हजार निट्स (उजेड मोजायचं एकक)! मैदानावर मुलीच्या धावण्याच्या शर्यती होत्या. 4के व्हिडिओ, सेकंदाला 60 फ्रेम, असा थाट लावून उभा राहिलो. थोड्याच वेळात पडदा मंद होत गेला, इतका की चौकटीत कोण आहे तेच दिसेना. अंदाजाने फोन फिरवत राहिलो. मग फोन थंड होऊ द्या असा संदेश आला आणि रेकॉर्डिंग थांबलं. शर्यत अर्धी आली आहे, शेवट नाही.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की तो निट्सचा आकडा खोटा नाही. फक्त तो पडद्याच्या एका छोट्याशा भागावर, एचडीआर (उजेड-अंधाराचा फरक ठळक दाखवणारं) चित्र चालू असताना, थोडा वेळ मिळतो. सगळा पडदा पांढरा असेल तर उजेड त्याच्या कितीतरी खाली येतो. आणि फोन तापला की सगळ्यात आधी कात्री लागते ती पडद्याच्या उजेडालाच. म्हणजे ज्या उन्हासाठी तो आकडा हवा, त्याच उन्हात तो गायब.

हे एकाच कंपनीचं दुखणं नाही. 2015 साली स्नॅपड्रॅगन 810 हा फोनमधला प्रोसेसर तापण्यासाठीच गाजला. 2022 मध्ये सॅमसंगच्या एस22 वेळी वेगळीच भानगड बाहेर आली. गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस नावाची सोय गेमचा वेग दाबत होती, बेंचमार्क, म्हणजे फोनचा वेग मोजणारी, ॲप मात्र त्यातून सुटत होती. त्यातल्याच गीकबेंचने ते फोन आपल्या तक्त्यातून काढून टाकले. 2023 मध्ये आयफोन 15 प्रो तापतो म्हणून ओरड झाली. अ‍ॅपलने आयओएस 17 मधल्या दोषाकडे आणि काही ॲपकडे बोट दाखवलं आणि 17.0.3 मध्ये दुरुस्ती दिली. आत पंखा नाही, पाठ काचेची, जाडी बोटभर नाही. चिप क्षणभर जोर मारते, पण ती उष्णता जाणार कुठे?

*

वक्र कडांचा पडदा. दिसायला देखणा. पलंगावर पडून वाचताना तळहाताचं मांस लागून पान आपोआप पुढे जातं. स्क्रीनगार्ड कुठलाच नीट बसत नाही, आणि जाड काच लावली तर पडद्याखालचा अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी चालणारा) सेन्सर बोटाचा ठसा ओळखेनासा होतो. एवढंच. चिडून झालंय आता.

*

मी जरा सविस्तर लिहिते, कारण हा त्रास आहे हेच अनेकांना माहीत नसतं.

नवा फोन आला आणि रात्री त्यावर वाचायला लागले की कपाळ ठणकायला लागायचं. चष्म्याचा नंबर तपासला, तो होता तसाच. जुन्या फोनवर तेवढाच वेळ वाचलं तर काही नाही. घरातल्या बाकीच्यांना नव्या फोनचा काडीचाही त्रास नाही, त्यामुळे मी उगाच कुरकुरते असं सगळ्यांचं एकमत झालेलं.

माझा जुना फोन एलसीडी होता, म्हणजे पडद्यामागे वेगळा दिवा असलेला. नवा ओएलईडी, त्यात पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. ओएलईडी पडद्याचा उजेड कमी करायचा म्हणजे पुष्कळ फोनमध्ये ठिपके मंद करत नाहीत, ते झपाझप बंद-चालू करतात. बंद राहण्याचा वेळ जास्त, तितका पडदा मंद. अनेक फोनमध्ये हे सेकंदाला 240 किंवा 480 वेळा होतं. डोळ्याला सरळ दिसत नाही, पण काहींच्या डोक्याला ते झेपत नाही. उजेड जितका कमी तितका हा खेळ तीव्र, म्हणून रात्रीच जास्त त्रास. याचा 120 हर्ट्झच्या रिफ्रेश रेटशी (सेकंदाला 120 वेळा चित्र ताजं होण्याशी) घोळ घालू नका, ती गोष्ट निराळी.

पाहायचं असेल तर सोपं आहे. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात मॅन्युअल मोड घ्या, शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास ठेवा आणि नव्या फोनच्या मंद केलेल्या पांढऱ्या पडद्याकडे रोखा. माझ्या पडद्यावर जाड काळे पट्टे वरून खाली सरकताना दिसले. ते पाहून आधी बरं वाटलं, वेड लागलेलं नाही म्हणून. मग राग आला, कारण फोनच्या माहितीपत्रकात याबद्दल चकार शब्द नव्हता. काही कंपन्या आता 2160 किंवा 3840 हर्ट्झ असे आकडे ठळक छापतात. छापत नाहीत त्यांचं दुकानात जाऊन असं तपासून घ्यावं लागतं.

सध्या पडद्याचा मूळ उजेड वर ठेवते आणि त्यावर काळसर थर देणारं फिल्टर लावते. बॅटरी खातं, पण डोकं दुखत नाही. तरी फोन विकायचं मनात आहे.

*

200 मेगापिक्सेल! मित्रांनो, 200!

प्रत्यक्षात शेजारचे 16 पिक्सेल मिळून एक होतो आणि हातात येतो 12.5 मेगापिक्सेलचा फोटो. वाईट नाही, अंधारात त्याचा फायदाच होतो. पण मग पूर्ण 200 मध्ये काढावा म्हटलं तर फाइल अवाढव्य, शटर सुस्त, आणि भर दुपारचा उजेड नसेल तर तपशील कमी आणि रवा (दाणेदारपणा) जास्त.

माझं खरं दुःख मांजराचं. फोन एका फोटोसाठी अनेक फ्रेम घेतो आणि त्या एकमेकींवर बसवतो. डोंगर हलत नाही, त्याला चालतं. माझं मांजर हलतं. एका फोटोत तिला दीड शेपूट आहे, कान मात्र इतके कडक धारदार की कात्रीने कापून चिकटवल्यासारखे. बटण दाबल्यावर क्षणभराने फोटो निघतो, तोवर मांजर खिडकीत. हाच फोन परीक्षणांत कॅमेऱ्याचा राजा होता. परीक्षणातले नमुने पुन्हा उघडून पाहिले : इमारती, फुलदाण्या, शांत बसलेली माणसं.

चंद्राबद्दल तर न बोललेलं बरं. 2023 च्या मार्चमध्ये एकाने चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर लावला आणि सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. चित्रात नसलेले खड्डे फोटोत उमटले. तेव्हापासून मी काढलेला चंद्र कुणाला दाखवताना 'मी काढला' म्हणायला जीभ अडखळते. फोन दुसराच आहे माझा, पण शंका ती शंका.

*

एआय, एआय, एआय. डब्यावर एआय, जाहिरातीत एआय.

कॉलचा मजकूर लिहून देणार, सारांश काढणार, म्हणून घेतला. भाषांच्या यादीत आपली भाषाच नाही. फोटोतला नको तो माणूस पुसायची सोय पहिल्या आठवड्यात हौसेने वापरली, पुढे आठवणही झाली नाही. आणि चिपमधल्या न्यूरल प्रोसेसरचे (एआयची कामं फोनवरच करणाऱ्या भागाचे) एवढे गोडवे गायले होते, तरी विमानात इंटरनेट नसताना त्यातल्या निम्म्या सोयी मान टाकतात, कारण काम चाललेलं असतं दूरच्या सर्व्हरवर.

उद्याच्या सॉफ्टवेअरवर आजचा फोन विकायची ही पद्धत मला पटत नाही. अ‍ॅपलचंच बघा. जून 2024 मध्ये घोषणा, सप्टेंबरमध्ये आयफोन 16 बाजारात, आणि त्या एआय सोयींचा पहिला हप्ता ऑक्टोबरमध्ये आयओएस 18.1 सोबत. ज्या हुशार सिरीच्या (त्यांच्या बोलत्या मदतनिसाच्या) जाहिराती झाल्या होत्या, ती लांबणीवर टाकत असल्याचं मार्च 2025 मध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं. मग ज्याने त्या सिरीसाठी फोन घेतला त्याने काय करायचं? 'लवकरच येत आहे' असं ज्या सोयीखाली लिहिलंय, ती नाहीच असं धरून फोन घ्यायचा की नाही ते ठरवा.

*

माझी तक्रार किरकोळ वाटेल. फोनला टाइप-सी पोर्ट आहे, म्हणून वाटलं व्हिडिओ झरझर लॅपटॉपवर जातील. आकार सी, आतला वेग यूएसबी 2.0. म्हणजे 480 एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), हे मानक 2000 साली आलेलं! 4के व्हिडिओ काढायचे आणि पंचवीस वर्षं जुन्या बोळातून बाहेर काढायचे. पुढे समजलं की काही फोनमध्ये पोर्ट वेगवान असतं पण डब्यातली केबल संथ असते, ते त्याहून भारी.

चार्जिंगचंही तेच. 100 वॅट लिहिलेलं असतं, ते त्यांच्याच चार्जरवर आणि तेही बॅटरी रिकामी असताना सुरुवातीला. भरत आली की प्रवाह कमी करावाच लागतो, लिथियम-आयनचा स्वभावच तो. दुसऱ्या कंपनीचा चांगला पीडी (यूएसबीच्या सामायिक मानकाचा) चार्जर लावला तर फोन एकदम सरकारी गतीवर येतो.

*

सगळे रडताय म्हणून मुद्दाम लिहितो : मी खूश आहे. पण मी मागच्या वर्षीचा फ्लॅगशिप घेतो. तोवर लोकांनी शिव्या घालून घालून कंपनीकडून अपडेट काढून घेतलेले असतात, किंमत उतरलेली असते, आणि दोष कोणते राहिले ते सगळ्यांना पाठ झालेलं असतं. नवा फोन आल्याआल्या घेणारे तुम्ही लोक आमच्यासाठी चाचणी करता. मनापासून आभार.

*

वरच्यांचा टोमणा आवडला, पण अपडेट नेहमीच तारतात असं नाही. माझ्या आधीच्या फ्लॅगशिपच्या पडद्यावर एका अपडेटनंतर हिरवी उभी रेष उगवली. वॉरंटी नुकतीच संपली होती. सेवा केंद्रातला मुलगा सभ्य होता. योगायोग आहे म्हणाला, आणि पडदा बदलण्याचा खर्च सांगितला. त्या खर्चात बरा फोन येतो.

*

माझा भ्रमनिरास वेगळ्या जातीचा आहे. फोनमध्ये दोष असा नाहीच. फरकच जाणवत नाही.

जुना फोन रखडत होता, म्हणून नवा घेतला आणि जुना आईला दिला. देण्याआधी त्याची बॅटरी बदलून घेतली, तिला दिवसभर पुरावी एवढाच हेतू. आता तो फोन पळतो! बॅटरी जुनी झाली की तिला एकदम जास्त वीज देता येत नाही, मग फोन अचानक बंद पडू नये म्हणून काही फोन चिपचा वेग उतरवतात. अ‍ॅपलने डिसेंबर 2017 मध्ये हे कबूल केलं होतं, पुढे स्वस्तात बॅटरी बदलूनही दिल्या. माझ्या फोनमध्ये नेमकं तेच होत होतं का ते सांगता येणार नाही, पण बॅटरी बदलल्यावरचा फरक डोळ्यांना दिसतो.

परवा दोघींचे फोन शेजारी ठेवून तीच ती ॲप उघडून पाहिली. मेसेज, नकाशा, बँकेचं ॲप. माझं जरा आधी उघडलं असावं. आई म्हणाली, 'तुझा जड आहे पण गं.' खरंच आहे. शिवाय कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे टेबलावर ठेवून टाइप करायला गेलं की डुगडुगतो.

*

डोकेदुखीवाल्या ताईंना : काळ्या पट्ट्यांची युक्ती आत्ता करून पाहिली. माझ्या फोनवर तुमच्याइतकेच जाड पट्टे दिसतात आणि मला गेली दोन वर्षं काहीही जाणवलेलं नाही. तुमचा फोन विकायचा नक्की झाला तर आधी मला विचारा. स्क्रीनगार्ड लावलेला आहे ना?