मदत हवी आहे: कॉमिक्स काढणाऱ्या बायकांवर माहितीपट करतोय

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात माध्यमांच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही चौघं मिळून वीस मिनिटांचा माहितीपट करतोय, विषय कॉमिक्स आणि बायका. फेब्रुवारीअखेर जमा करायचाय आणि कॅमेरा एकूण आठच दिवस हातात मिळणार आहे. म्हणून शूटिंगला हात घालण्याआधी इथल्या जाणकारांना विचारून घेते.

विषय कसा सुचला ते आधी सांगते. साताऱ्याला माझ्या आत्याच्या पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक आहे, अमर चित्र कथांनी भरलेली. त्यातला झाशीच्या राणीचा अंक मी लहानपणी इतका हाताळलाय की पिना निघून पानं सुटी झालीत. घोड्यावरची राणी बटर पेपर ठेवून कितीदा गिरवली असेल, मोजदाद नाही. या दिवाळीत ट्रंक पुन्हा उघडली आणि पहिल्यांदाच आतली नावं वाचली. लेखन माला सिंग, चित्रं हेमा जोशी. लिहिणारी बाई आणि काढणारीही बाई! इतकी वर्षं मी ते नावांचं पान उलटून थेट घोड्याकडे जात होते. चित्रकार म्हणजे कुणीतरी काका असणार, हे मी न विचारताच धरून चालले होते.

मग दुपारभर जमिनीवर बसून सगळी ट्रंक उपसली. मुखपृष्ठांवर बायका भरपूर: सावित्री, मीराबाई, पद्मिनी. लेखनाच्या ओळीत कमला चंद्रकांत हे नाव पुन्हा पुन्हा येतं. पण चित्रांच्या ओळीत राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम, युसूफ लिएन. (शिवाजी महाराजांचा अंक भा. रा. भागवतांनी लिहिलाय, आपल्या फास्टर फेणेवाल्या भागवतांनी! तेही त्याच दुपारी कळलं.) लिहायला बायका होत्या, मग ब्रश हातात असलेल्या इतक्या कमी का? मला माहितीपटातून हेच विचारायचंय.

पुढच्या काळातली काही नावं हाताशी आहेत. मंजुळा पद्मनाभन यांची 'सुकी' ही चित्रमालिका १९८२ पासून मुंबईच्या 'संडे ऑब्झर्व्हर'मध्ये यायची. कुरळ्या केसांची, स्वतःशीच वाद घालणारी मुलगी, आणि तिच्यातली गंमत तिच्या दिसण्यावर नव्हे, तिच्या डोक्यात चालणाऱ्या विचारांवर बेतलेली. गोव्यात वाढलेल्या अमृता पाटील यांची 'कारी' ही चित्रकादंबरी २००८ ची. राम वाईरकरांनी रेखाटलेला 'टिंकल' या मुलांच्या मासिकातला सुपंडी पुढे त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर काढू लागल्या, हेही मला फार महत्त्वाचं वाटतं.

पण मी खरी अडकलेय ती 'भीमायन'पाशी. २०११ चं पुस्तक. बाबासाहेबांची गोष्ट, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार जोडप्याची. त्यात चौकटीच नाहीत. गोंड घरांच्या भिंतींवर काढतात त्या दिग्ना नक्षीच्या पट्ट्या पानाला वळसे घालत जातात आणि प्रसंग एकमेकांपासून वेगळे करतात. बोलण्याचे फुगेसुद्धा साधे नाहीत. मायेनं बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. महाडच्या तळ्याची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, पण तहानलेल्या माणसाचं अंगच मासा होऊ शकतं, हे मी तिथं पाहिलं. भिंतीवरची ही नक्षी घराघरातल्या बायकांच्या हातची, आणि तीच इथं कॉमिक्सचं व्याकरण झालीय. माझ्या मते माहितीपटाचा कणा हाच आहे.

आता अडचणी. आमच्यातले दोघं म्हणतात, पात्रांवरच करू: वंडर वुमन, वेताळाची डायना, बहादूरची बेला. लोकांना ओळखीचं वाटेल आणि दृश्यंही आयती मिळतील. मला काढणाऱ्या बायकाच हव्यात. वीस मिनिटांत दोन्ही बसेल का?

दुसरं, जुन्या अंकांची पानं पडद्यावर दाखवायला परवानगी कुणाची, कशी घ्यायची?

तिसरं, 'आवाज', 'किर्लोस्कर' यांसारखी नियतकालिकं आणि मराठी दिवाळी अंक, यांत चित्रमालिका किंवा हास्यचित्रं काढणाऱ्या बायका कुणाच्या आठवणीत आहेत का? घरात जुने अंक असतील तर नावांच्या पानाचा फोटो पाठवाल का? कुणाचा फोन नंबर किंवा पत्ता इथं उघड्यावर देऊ नका, व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.

आधीच धन्यवाद.

प्रतिसाद १

इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्या पिढीतला आहे मी. वेताळाची डायना आणि बहादूरसोबत मोहिमेवर जाणारी बेला आजही डोळ्यांसमोर आहेत. पण तुझा धागा वाचून उठलो आणि माळ्यावरचे सहा अंक काढले. बहादूर लिहिणारे आबिद सुरती आणि काढणारे गोविंद ब्राह्मणिया ही नावं तोंडपाठ, बाईचं एकही नाव आठवेना. 'आवाज'ची खिडकीचित्रं, म्हणजे पानाला कापलेल्या खिडकीतून मागचं चित्र दिसायचं ती, मात्र ठळक आठवतात. बायका होत्या त्यात, पण खिडकीच्या आत, बघण्यासाठी. तेही दाखव, म्हणजे सुकी आली की काय बदललं ते बघणाऱ्याला आपोआप समजेल. पात्रांना तीन मिनिटं दे, जास्त नको.

प्रतिसाद २

मुंबईत दहिसरला 'स्पॅरो' नावाचा स्त्रियांविषयीचा संग्रह आहे. १९८८ पासून चालू आहे, लेखिका सी. एस. लक्ष्मी त्याच्या संस्थापकांपैकी. बंगळूरच्या व्यंगचित्रकार माया कामत २००१ मध्ये गेल्या, त्यांची चित्रं तिथं जपलेली आहेत. आधी पत्र लिहा, काय बघायचंय ते नेमकं सांगा आणि मगच जा. रिकाम्या हातानं जाऊन 'बायकांविषयी काहीतरी दाखवा' म्हणालात तर दिवस वाया जाईल. अमर चित्र कथेवर नंदिनी चंद्रा यांचं इंग्रजी पुस्तक आहे, २००८ चं. मुलाखतीचे प्रश्न काढण्याआधी ते वाचाच.

प्रतिसाद ३

संकलनाचं काम करतो, म्हणून तेवढंच बोलतो.

परवानगी: आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, कलम ५२ मध्ये समीक्षा आणि परीक्षणासाठी कामाचा वाजवी वापर करता येतो. पण त्याच्या भरवशावर पानंच्या पानं दाखवू नका. ज्या चौकटीविषयी निवेदनात बोलताय तेवढीच दाखवा. प्रकाशकाला ईमेल करून लेखी होकार घ्या, कारण पुढे महोत्सवाला पाठवायचा म्हटलात तर आधी तोच कागद मागतील. मुलाखत देणाऱ्या प्रत्येकीकडून संमतीपत्रावर सही त्याच दिवशी घ्यायची, 'नंतर बघू' म्हणायचं नाही.

पानांचं शूटिंग: अंकावर काच ठेवू नका, चमक येते. दोन दिवे दोन बाजूंनी, पंचेचाळीस अंशांत. आणि जुन्या कागदातून मागच्या पानाची छपाई आरपार दिसते, त्यासाठी प्रत्येक पानाखाली काळा कार्डपेपर सरकवायचा. एवढ्यानं राणीच्या चेहऱ्यावर मागच्या पानाची अक्षरं दिसायची थांबतील.

आणि चित्र काढणारीची मुलाखत नुसती खुर्चीत बसवून घेऊ नका. तिला काहीतरी काढू द्या आणि हाताजवळ माइक ठेवा. कागदावर निब घासल्याचा आवाज कामाला येतो.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. काका, तुम्ही माळ्यावर चढलात हे वाचून फार बरं वाटलं. खिडकीचित्रांचं मला सुचलंच नव्हतं.

काल गटात बोलणं झालं. पात्रांना तीन मिनिटं यावर चौघांचंही एकमत आहे. बाकीचा वेळ काढणाऱ्या बायकांचा. स्पॅरोला पत्र लिहायला घेतलंय, माया कामत यांची चित्रं आणि त्यांच्या कामाची कच्ची टिपणं असतील तर ती, एवढंच मागितलंय. प्रकाशकाला ईमेल केलाय. निबचा आवाज तर हवाच आहे, म्हणून कॅमेऱ्याच्या आठ दिवसांतले दोन दिवस फक्त हातांसाठी राखून ठेवलेत.

रविवारी साताऱ्याला जातोय. काळा कार्डपेपर आणलाय. आत्याला कॅमेऱ्यासमोर ट्रंक उघडायला सांगितलं तर म्हणाली, "आधी मी पानं चिकटवून ठेवते." तिला म्हटलं, नको, सुटीच राहू देत.

हेमा जोशी यांच्या इतर कामाविषयी किंवा छापून आलेल्या मुलाखतीविषयी कुणी कुठं वाचलं असेल, तर अंकाचं नाव आणि वर्ष एवढं जरी सांगितलंत तरी ग्रंथालयात जाऊन मी शोधेन.