मॉडिफाय केलेल्या गाडीचा क्लेम : तुमचं काय झालं?

गेल्या महिन्यात सिग्नलला उभा होतो, मागून एकाने ठोकलं. डिकीचं दार आत, बंपर दोन तुकड्यांत, मागचं डावं चाक तिरकं. चूक सगळी त्याची, तीही त्याने जागेवर कबूल केली, त्यामुळे मी निर्धास्त. मग विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, उकिडवा बसला, गाडीखाली टॉर्च मारला आणि म्हणाला, "स्प्रिंगा कंपनीच्या नाहीत ना?"

नाहीत. त्या बदलून गाडी ३० मिलिमीटर खाली घेतलेली आहे, चाकं १६ ऐवजी १७ इंची आहेत आणि इंजिनाची ट्यून, म्हणजे इंजिन चालवणारा प्रोग्रॅमही बदललेला आहे. यातली चाकं विमा कंपनीला कळवली होती. बाकीच्या दोन गोष्टी 'कळवू की सावकाश' म्हणत राहून गेल्या. आज तीन आठवडे झाले, फाइल 'विचाराधीन' आहे आणि गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात.

म्हणून हा धागा. बदल केलेल्या गाडीचा क्लेम कुणी केला असेल तर जे घडलं ते लिहा. कुठे अडलं, कोणता कागद कामाला आला? ऐकीव माहिती नको, ती मला गॅरेजबाहेरच्या बाकावर रोज फुकट मिळते. स्वतःची चूक असेल तर तीही लिहा, सुरुवात मी केलीच आहे.

एका चाकाचे पैसे, चार चाकांचा खर्च

धागाकर्ते, माझीही अलॉय चाकं कळवलेली होती, बिलही जोडलेलं होतं. खड्ड्यात पुढचं एक फुटलं. क्लेम मंजूर झाला, पण एकाच चाकाचा. त्यात गंमत अशी की ते डिझाइन बनणं बंद झालेलं. तसंच एक चाक कुठेच मिळेना आणि तीन एका नक्षीची, एक दुसऱ्या नक्षीचं अशी गाडी कोण चालवणार? कंपनीचं म्हणणं, फुटलं तेवढं देतो, शोभेचं आमच्याकडे नाही. उरलेली तीन माझ्या खिशातून.

सर्व्हेअरने आधी मापावर शंका काढली होती. मोठ्या चाकामुळे टायर घासून खड्ड्यात आपटलं असेल, असा त्याचा रोख. मी तिथेच कागदावर गणित मांडलं. मूळ टायर २०५/५५ आर १६, म्हणजे बाहेरचा व्यास ६३१.९ मिलिमीटर. मी लावलेला २२५/४५ आर १७, व्यास ६३४.३. फरक अडीच मिलिमीटरचाही नाही. मग त्याने स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आतलं प्लास्टिकचं अस्तर पाहिलं. घासल्याची एक रेघ नव्हती. तो मुद्दा तिथेच मिटला. चाकं बदलणाऱ्यांनी हे गणित आधीच करून बिलाला टाचून ठेवावं.

माझीच चूक, पुराव्यासकट

हेडलाइटचा उजेड कमी वाटायचा म्हणून ६०/५५ वॅटचे बल्ब काढून १००/९० चे टाकले. रिले नाही, जाड वायर नाही, सरळ मूळच्या सॉकेटात. बारा व्होल्टला ६० वॅट म्हणजे ५ अँपिअर, १०० वॅट म्हणजे सव्वाआठच्या वर. हे शाळेतलं गणित मला तेव्हा सुचलं नाही. वर्षभर झकास उजेड पडला. मग एका रात्री जळका वास, बॉनेटखालून धूर, पुढची अर्धी वायरिंग खलास.

क्लेम नाकारला. पत्रासोबत सॉकेटचा फोटो होता. पांढरं प्लास्टिक चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं तपकिरी होऊन वितळलेलं आणि त्यात माझा बल्ब, वॅटचा आकडा अजून वाचता येण्याजोगा. भांडायला जागाच नव्हती. ते नुसतं न कळवण्याचं प्रकरण नव्हतं, नुकसान त्या बदलामुळेच झालं होतं.

मला माहीतच नव्हतं

मी गाडी सेकंडहँड घेतली. अपघातानंतर गॅरेजमधून फोन आला, "मॅडम, स्प्रिंगा लाल रंगाच्या आहेत, बाहेरच्या कंपनीच्या." मला स्प्रिंग कुठे असते तेही ठाऊक नव्हतं. विमा कंपनीने पत्र धाडलं की बदल लपवला, खुलासा करा.

दोन गोष्टींनी तारलं. एक, विम्याच्या अर्जातला प्रश्न. 'तुमच्या माहितीप्रमाणे गाडीत काही बदल आहेत का?' असा होता. दुसरी, गाडी घेताना एका मेकॅनिककडून तपासून घेतली होती, त्याचा दोन पानी रिपोर्ट. त्यात इंजिन, ब्रेक, टायर सगळं होतं, स्प्रिंगांबद्दल अवाक्षर नव्हतं. ज्याचा हा धंदा त्याला दिसलं नाही, ते मला कसं दिसणार, एवढंच लिहून तो रिपोर्ट जोडला. दीड महिना गेला, पण पैसे मिळाले. पुढच्या नूतनीकरणाला लाल स्प्रिंगा कळवल्या आणि हप्ता थोडा वाढला.

एक मात्र केलं. फोनवर काहीच बोलले नाही. कुणी फोनवर काही सांगितलं की त्याच दिवशी मेल टाकायचे, 'आपण आज असं म्हणालात, बरोबर ना?'

गॅरेजच्या बाजूने

बॉडीशॉप चालवतो, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, सर्व्हे होईपर्यंत गाडी उघडायची नाही. गिऱ्हाईक घाई करतं, "बंपर काढून ठेवा ना तोवर." काढला की तो कसा तुटला होता हे सांगायला आमचा शब्द सोडून काही उरत नाही. तुटके भाग तर फाइल बंद होईपर्यंत गोणीत भरून, नंबर टाकून ठेवायचे.

दुसरी गोष्ट सांगताना मला राग येतो. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी रात्री फोन करतं की सर्व्हेअर उद्या येतोय, आज मूळ स्प्रिंगा आणि सायलेन्सर चढवून ठेवाल का. नाही ठेवणार. ती फसवणूक आहे, आणि वर अडाणी फसवणूक. नवा कोरा बोल्ट, त्याच्या आजूबाजूला चार वर्षांचा गंज आणि चिखल, हे आंधळ्यालाही दिसतं. जो क्लेम थोडा कापून मिळाला असता तो अख्खा जातो, शिवाय पुढे विमा मिळायचीही मारामार.

तिसरं, एस्टिमेट. बॉडी किटवाल्या गाडीचं मी दोन भागांत करतो. मूळ गाडीचा खर्च वेगळा, लावलेल्या वस्तूंचा वेगळा. एकत्र केलं की एका स्पॉइलरपायी डिकीचं दारही अडकून पडतं. रॅप, म्हणजे रंगावर चिकटवलेली फिल्म, असेल तर तो सोलल्याशिवाय खालचा पोचा नीट कळत नाही. सोलायचा, नवा चढवायचा, ही दोन्ही कामं वेगळ्या ओळींत. उघडल्यावर आणखी काही सापडलं तर काम थांबवून पुरवणी एस्टिमेट आणि सर्व्हेअरला पुन्हा बोलावणं. आधी दुरुस्ती, मग कळवणं असं केलं की ते पैसे बुडाले समजा.

आणि हल्लीच्या गाड्यांत कॅमेरा, रडार असतात. काच किंवा बंपर बदलला की कॅलिब्रेशन, म्हणजे त्यांची पुन्हा अचूक जुळणी, लागू शकतं. गाडी खाली घेतलेली असेल तर कॅमेऱ्याची उंचीच बदललेली असते आणि कधी कधी कॅलिब्रेशन पूर्णच होत नाही. मग तो खर्च कुणाचा, यावर आठवडा जातो.

'साहित्य'

माझ्या म्युझिक सिस्टिमच्या बिलावर दुकानदाराने 'साहित्य – १ नग' एवढंच लिहिलं होतं. अँप, चार स्पीकर, सबवूफर, सगळं मिळून एक नग. क्लेम किती मिळाला ते विचारू नका.

हाताने चालवायची गाडी

इथे सगळे हौसेचे बदल दिसताहेत, म्हणून हा वेगळा. वडिलांच्या पायात शक्ती नाही. त्यांच्या गाडीत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने चालवायची व्यवस्था आहे, सीट बाहेर वळते. पहिल्या दिवसापासून सगळं कळवलेलं, नोंदणीच्या कागदांवर चढवलेलं, त्याची किंमत पॉलिसीत वेगळी धरलेली. क्लेमच्या रकमेवरून एका शब्दाची खळखळ झाली नाही.

अडलं भलतीकडेच. पॉलिसीत बदली गाडीची सोय होती, ती दारात आलीही. साधी, पायाने चालवायची. आणणाऱ्याने बाबांच्या हातात चावी दिली आणि सही मागितली. बाबांनी सही केली, चावी माझ्याकडे सरकवली. पाच आठवडे ती गाडी मी चालवली आणि ते शेजारी बसले. ज्या माणसाने वर्षानुवर्षं कुणाला 'मला गाडीने सोड' म्हटलं नव्हतं, तो रोज सकाळी विचारायचा, "आज वेळ आहे का तुला?"

मूळ गॅरेजला हँड कंट्रोल बसवता येत नव्हतं, ते बसवणारा तंत्रज्ञ वेगळा आणि त्याची तारीख लवकर मिळेना, म्हणून एवढे दिवस. नूतनीकरणाच्या वेळी मी रकमेआधी हे विचारून घेतलं, बदली गाडी तशीच मिळेल का, आणि उत्तर लेखी मागितलं.

टेबलाच्या पलीकडून

बरीच वर्षं सर्व्हे केले, आता निवृत्त. आम्ही दोन प्रश्न वेगवेगळे तपासतो आणि लोक ते एक समजतात. बदलामुळे अपघात झाला किंवा नुकसान वाढलं का, हा पहिला. बदल आधी कळला असता तर कंपनीने विमा दिला असता का आणि किती हप्त्याला, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'नाही' असलं तरी दुसरा शिल्लक राहतो. कुठे त्यावरून प्रमाणात रक्कम कापतात, कुठे पूर्ण नाकारतात; ते तिथला कायदा आणि पॉलिसीची भाषा ठरवते.

ट्यून सापडत नाही या भ्रमात राहू नका. कितीतरी गाड्यांच्या इंजिन कॉम्प्युटरमध्ये प्रोग्रॅम किती वेळा बदलला याची नोंद राहते.

सांगण्याचं बंधन विम्यात फार जुनं आहे. १७६६ सालच्या लंडनच्या एका खटल्यात, कार्टर विरुद्ध बोहम, न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी ते मांडलं. सुमात्रामधल्या एका किल्ल्याचा विमा होता. मौज म्हणजे निकाल विमा काढणाऱ्याच्या बाजूने लागला, कारण विमा देणाऱ्याला जे स्वतःला कळण्यासारखं होतं, ते मला सांगितलं नाही अशी तक्रार त्याला करता येणार नव्हती. तेव्हा तुमच्या कंपनीने विमा देताना गाडी पाहून फोटो काढले असतील तर ते मागवा. खाली बसलेली गाडी फोटोत दिसते.

आणि धागाकर्ते, मागून ठोकलं ना त्याने? मग क्लेम स्वतःच्या विम्यावर का? तुमच्याकडे तशी सोय असेल तर त्याच्या विम्यावर करा. तुम्ही तुमच्या कंपनीला काय कळवलं नाही, याच्याशी त्याच्या कंपनीचा सहसा संबंध नसतो. ते फार तर तुमच्या वस्तूंची किंमत घासतील. तुमच्या कंपनीला मात्र स्प्रिंगा आणि ट्यून आजच कळवा.

धागाकर्ता

उशिरा लिहितोय, माफी. त्याच्या विम्यावर दावा टाकला. त्यांचा माणूस येऊन गेला, त्यानेही खाली टॉर्च मारला, "स्प्रिंगा बाहेरच्या" असं स्वतःशीच पुटपुटला आणि पुढे डिकीच्या दाराचं माप घ्यायला लागला. आकडा अजून आलेला नाही.

माझ्या कंपनीला त्याच रात्री सगळं मेलने कळवलं. चाकांचं बिल होतं, ट्यूनचंही निघालं. स्प्रिंगांचं सापडेना, म्हणून बसवणाऱ्याला फोन केला. म्हणाला, "देतो की. बिलावर काय लिहू, साहित्य?"